सहावा विषय

सोमवार, १६ जून २०२५

कॉलेज सुरू झालं, माझं आणि लेकीचं एकाच दिवशी. ती तिच्या कॉलेजात बारावीला, मी माझ्या कॉलेजात बारावीला शिकवायला. निघताना दोघींत एकच छत्री, रिक्षा मिळेपर्यंत दोघी अर्ध्या अर्ध्या भिजलो. यंदा पाऊस मेमध्येच येऊन बसलाय. कात्रज घाटाकडचा डोंगर जूनच्या मानानं फारच हिरवा.

सायन्सच्या बारावीचा मराठीचा पहिला तास. हजेरीपटावर चौदा नावं. तुकडी ऐंशीच्या वर आहे, बाकीची सगळी आयटीला. दोन्ही तास एकाच वेळी असतात, त्यामुळे घंटा झाली की पोरं बाकं सरकवून लॅबकडे निघतात आणि मी ‘युवकभारती’चं पुस्तक छातीशी धरून दारात बाजूला उभी, त्यांना वाट देत. एकानं आज मलाच विचारलं, “मॅडम, लॅबची किल्ली तुमच्याकडे आहे का?”

शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीचं करणारा कायदा २०२० साली झाला. अकरावीच्या उंबरठ्याशी त्याची हद्द संपते.

माझी स्वतःची लेकही त्या लॅबवाल्यांतलीच. गेल्या वर्षी अकरावीला विषय भरताना तिनं मराठी नको, आयटी हवं म्हणून सांगितलं. स्टाफरूममध्ये हे मी अजून कुणाला बोलले नाही.

बुधवार, १८ जून

रात्री कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिचा दिवस मांडला. पहाटे पाचला उठणं. सहाची बस. सात ते साडेदहा क्लास. साडेअकरा ते पाच कॉलेज, प्रॅक्टिकल असलं तर सहा. घरी साडेसात. जेवण, आंघोळ, जर्नल, क्लासची शीट. रविवारी सकाळी टेस्ट. झोप लिहायला जागाच उरली नाही, म्हणजे कागदावर नव्हे, दिवसात.

विषय सहा : इंग्रजी, आयटी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी. क्लासची बॅच ‘पीसीएमबी’. म्हणजे तयारी इंजिनिअरिंगच्या जेईईची, मेडिकलच्या नीटची, शिवाय राज्याच्या सीईटीची. अकरावीला नाव घालताना क्लासमधल्या बाईंनी सांगितलं होतं, “सगळे दरवाजे उघडे राहतात.” तेव्हा बरं वाटलं होतं. सगळे दरवाजे उघडे ठेवलेल्या घरात पावसाळ्यात काय होतं, हे तळमजल्यावर राहणाऱ्या मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

शनिवार, २१ जून

संध्याकाळचे सव्वाआठ वाजले तरी लेकीचा पत्ता नाही. सासूबाई खिडकीशी. अजूनही त्या ‘पोरगी पुण्यात गेलीय’ असंच म्हणतात, जसं काही कात्रज अजून भोरच्या वाटेवरचं खेडं आहे. फोन लागेना. यांची शिरवळची कंपनीची बस चौकात उड्डाणपुलाच्या कामापाशी अडकलेली. लेक साडेआठला आली. स्वारगेटला बसायला जागा मिळाली तशी झोपली, ती कात्रजला गाडी रिकामी झाली तरी उठली नाही. कंडक्टरनं खांद्याजवळच्या दांड्यावर तिकिटाचं मशीन वाजवून उठवलं. “ताई, शेवटचा स्टॉप आला. गाडी डेपोत चाललीय.” दचकून उतरली आणि बायोलॉजीचं जर्नल सीटवरच राहिलं.

जेवताना रडली. झोप लागली याचं तिला काही नव्हतं. जर्नल गेलं, पुन्हा सगळ्या आकृत्या काढाव्या लागणार, याचं रडू.

रविवार, २२ जून

कात्रजच्या स्टँडवरच्या केबिनमध्ये जर्नल मिळालं. कंडक्टरनं काल रात्रीच जमा केलं होतं. ब्राउन कव्हरवर चहाच्या कपाचा गोल उमटलाय, बाकी शाबूत. तिथल्या साहेबांनी उघडून पाहिलं असावं. म्हणाले, “मुलीचा हात चांगला आहे.”

मंगळवार, २४ जून

मी मनाशी ठरवलं होतं, बायोलॉजी काढून टाकायचं. डॉक्टर व्हायचं नाही असं ती दहावीपासून सांगतेय. मग हा भार कशाला? अर्धी रजा टाकून तिच्या कॉलेजच्या ऑफिसात गेले. मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात एकोणीस वर्षं काढलेली, पण काउंटरच्या पलीकडून आई म्हणून उभं राहिलं की सगळंच नवं असतं.

क्लार्क भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम, विषय काढता येत नसतो. बदलता येतो. बोर्डाला सहा विषय लागतात, सहाशे मार्क. बायो काढलं तर त्या जागी काय घालता? भूगोल? अकरावीला केलाय का तिनं?”

नाही केला. मला हे माहीत नव्हतं का? होतं. माझ्याच कॉलेजात दर जूनमध्ये दोन-चार पालक हेच विचारायला येतात आणि मी त्यांना हेच सांगते.

बाहेर पडताना भाऊ म्हणाले, “बायोनं कुणाचं काही बिघडत नाही हो. तीस मार्कांचं प्रॅक्टिकल आहे, सत्तरचा पेपर. बिघडवतं ते बाहेरचं.”

रविवार, २९ जून

शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे दोन्ही जीआर सरकारनं मागे घेतले. दिवसभर टीव्हीवर जल्लोष. आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू. फक्त उद्या घंटा झाल्यावर चौदांचे पंधरा होणार नाहीत, एवढं मनात आलं.

संध्याकाळी न्यू जर्सीहून दिराचा फोन. त्यांच्या मुलाचंही शाळेचं शेवटचं वर्ष आता सप्टेंबरात सुरू होईल. त्याची अडचण ऐकून मी दोनदा विचारलं, नीट ऐकतेय ना म्हणून. तिथे वरच्या दर्जाचे एपी नावाचे विषय शाळेतच घेता येतात, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे. किती घ्यायचे ते मुलानं ठरवायचं. कॉलेजं नुसते मार्क बघत नाहीत, तू अवघड विषय घेतलेस की सोपे, हेही बघतात. म्हणून तो पाच घेऊ म्हणतो आणि आई तीन म्हणते. जाऊबाई म्हणाल्या, “पाच घेऊन बी आली तर काय करायचं? तीन घेऊन ए आली तर आळशी म्हणतील का?”

इथे तू अवघड घेतलंस की सोपं, हे विचारायला कुणालाच वेळ नाही. लेक फोनपाशी ऐकत होती. तिनं चुलतभावाला विचारलं, “तुला मराठी घेता येतं का?” नाही म्हणाला, त्याच्या शाळेत नाही. स्पॅनिश घेतलंय.

शुक्रवार, ४ जुलै

स्टाफरूममध्ये फिजिक्सच्या सरांपुढे कॅलेंडर उलगडलं. शेवटी सांगावंच लागलं. ‘तुमची मुलगी आयटीला?’ असं त्यांनी भुवईनं विचारलं आणि पुढे बोलले नाहीत, सज्जन माणूस.

ते म्हणाले, परीक्षा मोजू नका, पुस्तकं मोजा. सीईटी आपल्या बोर्डाच्या पुस्तकांवर. ८० टक्के बारावी, २० टक्के अकरावीचे निवडक धडे, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे बोर्ड आणि सीईटी हा एकच अभ्यास, फक्त हात वेगळा चालवायचा : बोर्डाला लिहायचं, सीईटीला झरझर टिपायचं. दीड तासात मॅथ्सचे ५० प्रश्न, दुसऱ्या दीड तासात फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १००. जेईई आणि नीट एनसीईआरटीच्या पुस्तकांवर. तिथे चुकलं की मार्क कापतात. तो दुसरा संसार. नीट तर १८० प्रश्नांची, त्यातले निम्मे बायोलॉजीचे. “दोन संसार एका पगारात चालवतात लोक,” सर म्हणाले, “पण कर्ज काढून.”

मग तारखांकडे वळले. यंदा जानेवारीत जेईईचं पहिलं सत्र २२ ते ३० ला झालं. बोर्डाची प्रॅक्टिकल्स २४ जानेवारीपासून. लेखी ११ फेब्रुवारीला, नेहमीपेक्षा दहा दिवस आधी. सीईटी एप्रिलमध्ये. ४ मे ला नीट. “पुढच्या वर्षीही असंच काहीतरी धरा. यातलं ती कुठं श्वास घेणार ते मला दाखवा.”

मी विचारलं, मग बोर्डाचे मार्क? त्यांनी चष्मा काढला. “इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये ४५ टक्के असले की झालं, ओपनला. पुढचं सगळं सीईटीचं पर्सेंटाइल. एनआयटीचं बघायचं तर बारावीच्या पाच विषयांत मिळून ७५ टक्के. ते सोडलं तर इंग्रजीचे, आयटीचे, मराठीचे किती, कुणी ढुंकून बघत नाही.”

घरी येईपर्यंत हेच डोक्यात. ‘मॅडम, मराठी स्कोअरिंग नाही’ हे वाक्य मी किती वर्षं ऐकतेय! पोरं ज्या मार्कांसाठी माझा तास सोडतात, ते मार्क त्यांना जायचंय तिथे बहुधा मोजलेच जात नाहीत. रात्री लेकीला हे जरा जोरातच ऐकवलं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं.

तिनं शीटवरून मान वर केली. “मला माहितीय, आई. आयटी मी मार्कांसाठी घेतलंच नव्हतं. पेपर कॉम्प्युटरवर असतो, लिहायचं नसतं, आठवडाभर वाचलं की होतं. मराठी घेतलं असतं तर तुझ्यासाठी नीट करावं लागलं असतं.”

यावर काय बोलणार! भाजी करपली होती, गॅस बंद केला.

रविवार, ६ जुलै

आषाढी. सासूबाईंचा कडक उपास, आमचा साबुदाण्याचा. घरात चौघं एकत्र असायला एकादशी लागते. कागद मध्ये ठेवला.

नीट खोडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. सासूबाईंचं तोंड उतरलं. भावकीत डॉक्टर नाही, आणि नातीचा अक्षर-आकृत्यांचा हात बघून त्यांनी दवाखान्याची पाटीसुद्धा मनात रंगवून ठेवली असावी. “मग बेडूक-साप शिकायचं कशाला?” त्यांनी विचारलं. “आवडतं म्हणून,” लेक म्हणाली. हे कारण आमच्या घरात विषय निवडताना याआधी कुणी दिल्याचं मला आठवत नाही. मी मराठी घेतलं तेव्हाही मी ‘डी.एड. नाहीतर बी.एड. होईल’ असंच सांगितलं होतं.

जेईईवर अडलं. हे म्हणाले, फॉर्म भरून ठेवू, अभ्यास नको. लेक म्हणाली, “बाबा, फॉर्म भरला की अभ्यास आलाच. नुसता भरलेला फॉर्म रोज रात्री आठवतो.” शेवटी जानेवारीचं सत्र सोडायचं, एप्रिलच्याचं पुढे बघू, असं अर्धवट ठरलं. अर्धवट ठरलेलंच आमच्या घरात टिकतं.

गुरुवार, १० जुलै

क्लासमध्ये जाऊन आले. बॅच बदलता येईल, नुसत्या सीईटीची, फक्त शनिवार-रविवार. फी परत मिळणार नाही. दोन वर्षांची अकरावीतच भरलेली आहे, पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसं लिहिलेलं आहे, आणि मी मराठीची शिक्षिका असून ते वाचलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, “मॅडम, रिस्क घेताय, विचार केलाय ना?”

बुधवार, १६ जुलै

सकाळी साडेसहापर्यंत झोपली. सासूबाई दोनदा जाऊन कपाळाला हात लावून आल्या.

शनिवार, २ ऑगस्ट

सगळं सोपं झालं असं नाही. सकाळ मोकळी मिळाली तर त्यातली निम्मी मोबाइलवर जाते. त्यावरून दोन भांडणं झाली. पण आज दुपारी तिनं ‘रिप्रॉडक्शन’च्या धड्यातली आकृती काढली, उलटं वळलेलं बीजांड. मी शेजारी वह्या तपासत बसले होते. पेन्सिलला टोक काढून आधी कोऱ्या कागदावर गोलाई गिरवून घेतली, मग जर्नलमध्ये एका दमात रेघ. देठ खाली, तोंडही खालीच, देठाला चिकटून. नावांच्या रेघा सगळ्या उजवीकडे, पट्टीनं, एकीनंही दुसरीला न ओलांडता. पाऊण तास लागला. बोर्डात हे आलं तर मार्क दोन किंवा तीन, सीईटीत शून्य, कारण तिकडे ती पीसीएम देणार. मी घड्याळाकडे बघितलं ते तिनं बघितलं.

उद्या क्लासला सुट्टी आहे, सर्पोद्यानात जाऊ म्हणते. चार वर्षांची असल्यापासून नेतोय. इतर पोरं वाघापाशी रेंगाळायची, ही काचेला नाक लावून अजगर हलायची वाट बघायची. चाळीसेक मिनिटं. तो हलायचा नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

युनिट टेस्टचे मार्क. २५ पैकी बायोलॉजी २३, केमिस्ट्री १९, फिजिक्स १७, मॅथ्स १२. ज्याचं पर्सेंटाइल लागणार त्यात बारा आणि ज्याचा काही उपयोग नाही त्यात तेवीस. यांनी कागद दोनदा उलटसुलट केला, जणू मागच्या बाजूला वेगळे मार्क असतील.

गणपती बुधवारी. मखराचा पुठ्ठा कापताना ती हळूच म्हणाली, “आणखी एक परीक्षा आहे, आई. आयसरची.”

मी कात्री खाली ठेवली. पाषाणला आहे ते आयसर. तिथे जायला वेगळी परीक्षा, आयएटी. चारही विषय सारखे : फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी, प्रत्येकी पंधरा प्रश्न, एकूण साठ. चुकलं की मार्क कापतात. अभ्यासक्रम तोच, दुसऱ्या संसारातला. म्हणजे जून-जुलैत घरादारानं बसून जे उतरवलं, त्यातलं बरंचसं पोरगी मागच्या दारानं पुन्हा आत घेऊन आली.

“तिथे बायो असलेली मुलं कमी घाबरतात,” ती म्हणाली. कुणी सांगितलं, विचारलं नाही.

कॅलेंडर काढलं. मेच्या शेवटाला जागा होती, लिहिलं. मॅथ्ससाठी रोज एक तास, तो कुठून काढायचा ते गणपतीनंतर.

“बायोलॉजीचे पंधरा,” मी म्हणाले. “आणि मराठीचे किती?”

“आई, खळ आण ना आतून. वाळत चाललीय.”