बँकेची नोकरी आणि भुतं

भरवेली हे माझं माहेर. मध्य प्रदेशातल्या बालाघाटजवळचं हे गाव मँगनीजच्या खाणीचं. वडील रात्रपाळीला जमिनीखाली उतरले की आम्हा मुलांना भुतं वेगळी शोधावी लागत नसत. गोंदियाहून मामा दिवाळी अंक आणत, त्यांत रत्नाकर मतकरींची गूढकथा आहे का, ते मी आधी बघायची.

लग्न होऊन सीमाभागात आले. सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, भुताला 'देव्व' म्हणतात. दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून भुताला परत धाडायची कर्नाटकातली युक्ती मला त्यांनीच सांगितली.

हे सगळं आठवायचं कारण धाकटे चिरंजीव. तो भयकथा लिहितो, मित्रांना घेऊन जुन्या वाड्यात छोटे सिनेमे काढतो आणि आता नोकरी सोडायची म्हणतो. हे म्हणतात, "आधी पोटाचं बघ." आणि दोघेही दाखला देतात तो मतकरींचाच!

मतकरींचा जन्म १९३८ चा. १९५५ साली, विशीही गाठली नव्हती तेव्हा, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका आकाशवाणीवर झाली. पदवीनंतर त्यांनी बँक ऑफ इंडियात वीस वर्षं नोकरी केली आणि १९७८ पासून पूर्ण वेळ लेखन-नाटकाला दिला. म्हणजे नोकरी सोडली हेही खरं, वीस वर्षं केली हेही खरं. ह्यांना वीस वर्षं दिसतात, मुलाला १९७८.

मला मात्र त्या वीस वर्षांतलं काम दिसतं. नोकरी चालू असतानाच त्यांनी पदरमोड करून बालनाट्याची संस्था चालवली. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण त्यातलीच, पोरं तिला घाबरतात आणि हसतातही. गूढकथाही त्याच काळात लिहिल्या.

सिनेमा दिग्दर्शित केला तो थेट सत्तरी ओलांडल्यावर. 'इन्व्हेस्टमेंट' त्यांच्याच कथेवरचा, निर्मात्या पत्नी प्रतिभा मतकरी आणि मुख्य भूमिकेत कन्या सुप्रिया विनोद. घरचाच कारखाना म्हणा ना! त्यात भूत नाही. मुलाच्या हातून भयंकर गुन्हा घडतो आणि आईबाप त्याच्या 'करिअर'साठी तो दडपायला निघतात. मला तो कुठल्याही हडळीपेक्षा भीतिदायक वाटला. २०१२ च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. मे २०२० मध्ये मतकरी करोनाने गेले.

परवा आम्ही चौघांनी मिळून 'इन्व्हेस्टमेंट' पाहिला. अव्वांना काही संवाद मी कन्नडमधून सांगत होते. सिनेमा संपल्यावर हे बराच वेळ गप्प होते. मग मुलाला म्हणाले, "तुझ्या सिनेमाला खर्च किती येतो, ते कागदावर लिहून दे." नोकरीचा विषय त्या रात्री कुणी काढला नाही. कागद अजून कोराच आहे, पण अव्वांनी भूमिका मागून ठेवली आहे. देव्वाची.