आईपणाचा पुरावा

अमेरिकेचा नागरिक झालेल्या मामाने आजीला कायमचे तिकडे नेण्यासाठी अर्ज केला. तिथल्या स्थलांतर खात्याचे पत्र आले: ही तुमचीच आई, याचा आणखी पुरावा द्या. मुदत 84 दिवसांची. ती वाढवून मिळत नाही आणि सारे कागद एकदमच पाठवायचे.

मामा 1974 साली घरीच जन्मला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. पण आजोळच्या वाडीवर तो कुणाला ठाऊक? ग्रामपंचायतीने नोंद नसल्याचा दाखला दिला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव फक्त आजोबांचे. आजी म्हणाली, “नऊ महिने वागवलं, त्याला कागद कसला?”

उरली प्रतिज्ञापत्रे, जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची. एक आजीची थोरली जाऊ, दुसरी म्हातारी सुईण. दोघींनी नोटरीपुढे अंगठे उठवले. घरात इंग्रजी येणारी मी एकटीच; भाषांतर केले, ते पूर्ण व अचूक असल्याचे लिहून खाली सही केली.

मला लहानाची मोठी आजीनेच केले. पुरावा जितका पक्का, तितकी ती माझ्यापासून दूर जाणार, हे मला कळत होते. तरी एक शब्दही मी उणा ठेवला नाही.