परत फिरण्याचा अधिकार

२८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणी-उड्डाणासाठी निघालेले ‘किंग एअर सी-९०’ हे छोटे विमान ऐन पावसाळ्यात घाटकोपरमधील एका बांधकामाच्या जागेवर कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाच जीव गेले. घाटकोपरात आपल्या समाजाची किती घरे आहेत, हे वाचकांना सांगायला नको. त्यानंतर अशा अपघातांविषयी वाचण्याचा मला छंदच जडला.

त्यांपैकी मनातून जात नाही तो अमेरिकेतील एक अपघात. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन १६ जुलै १९९९ च्या रात्री पत्नी व मेहुणीसह स्वतःचे एकइंजिनी विमान घेऊन निघाले. अनुभव सुमारे ३१० तासांचा; केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याची पात्रता अद्याप मिळालेली नव्हती. प्रशिक्षकाने सोबत येण्याची तयारी दाखविली होती, ती त्यांनी स्वीकारली नाही. हवामान नियमांत बसत होते. समुद्रावर मात्र धूसर काळोख होता, क्षितिज दिसेना. तिघेही गेले. चौकशीत कारण निघाले ते दिशाभ्रमाचे.

हा भ्रम विलक्षण असतो. विमान सावकाश वळत राहिले की कानाच्या आतील द्रव स्थिरावतो आणि शरीर ग्वाही देते की आपण सरळच चाललो आहोत. उंची घटताना दिसते, म्हणून वैमानिक नाक वर ओढतो. त्याने वळण अधिकच आवळते. समोरचे उपकरण खरे सांगत असते, पण त्यावर विश्वास ठेवण्याचा सराव लागतो.

‘नियमांत बसते’ हे शब्द बँकेत मी फार ऐकले. कागदपत्रे चोख असूनही नाकारावेत असे कर्जप्रस्ताव असतात. आणि ‘इतके दिवस थांबलो, आणखी आठ दिवस थांबू’ म्हणत सोयाबीन धरून ठेवणारे आपल्या बाजारपेठेत काय कमी आहेत? निम्म्याहून अधिक वाट कापलेल्या वैमानिकालाही माघार तशीच जड जाते.

माझ्या पुतण्याच्या मुलाला वैमानिक व्हायचे आहे. कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब मी मांडून दिला. शिवाय प्रशिक्षणसंस्थेत एक गोष्ट विचारून घ्यायला सांगितले : हवामान पाहून अर्ध्या वाटेवरून परतलेल्या विद्यार्थ्याला तेथे काय ऐकावे लागते? पुतण्या म्हणाला, “काका, हे माहितीपत्रकात नसते.” म्हणूनच प्रत्यक्ष जाऊन विचारायचे, एवढेच मी म्हणालो. पुढच्या आठवड्यात दोघे निघत आहेत.