गिरणगावातले रविवार

रविवार, 11 मे 2025

सकाळी साडेसातला भारतमाता थिएटरच्या दारात माझ्या फेरीसाठी नऊजण जमले. पहिला प्रश्न नेहमीचाच: "गिरणी कुठे आहे?" थिएटर गिरणीच्याच जागेवर उभं आहे, हे सांगितलं आणि मागची इंडिया युनायटेडची भिंत दाखवली. मग दहा मिनिटं इतिहास. 1854 साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली सूतगिरणी काढायचं ठरवलं, दोन वर्षांनी सूत निघू लागलं, आणि पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळीपर्यंत भोंग्यांवर दिवस मोजणारी वस्ती वाढली. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

इथे लोक गप्प होतात, आणि मी लगेच चालायला लागते. इथलं सगळं 1982 ला संपलं, ही समजूत घेऊन कुणी घरी जाऊ नये, एवढ्यासाठीच मी ही फेरी काढते.

मिरची गल्लीत मेची गर्दी. वसई-डोंबिवलीहून बायका वर्षाचा मसाला करायला आलेल्या. रंगाला बेडगी आणि काश्मिरी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. प्रमाण ज्याच्या त्याच्या घरचं. मिरच्यांची डेखं काढायची, उन्हात कडकडीत वाळवायच्या, भाजायच्या. धणे, दगडफूल, नागकेसर, त्रिफळ वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. मग डंक. मोटरवर फिरणारा दांडा लोखंडी मुसळं एकामागून एक उचलतो आणि सोडून देतो. मसाला दळला जात नाही, कुटला जातो. त्यामुळे तो कमी तापतो आणि वास टिकतो. बाई समोर बसून राहतात. आपल्या मसाल्यावरून नजर काढत नाहीत.

एका विद्यार्थ्याने न विचारता कॅमेरा काढला. डंकावरच्या मावशींनी पदर तोंडावर ओढला. मी त्याला थांबवलं. पुढच्या वेळेपासून हे निघण्याआधीच सांगायचं.

बुधवार, 14 मे

जुने गिरणी कामगार अण्णा यांना मिरची गल्लीत सोबत नेलं. वय ब्याऐंशी, चौतीस वर्षांपूर्वी गिरणी सुटली ती कायमची. ते साच्यावर होते. साचा म्हणजे माग, गिरणीत मागाला साचाच म्हणत. एका विणकराकडे दोन साचे. त्या आवाजाने त्यांचे कान गेले, आणि समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायची सवय तेव्हाच लागली.

डंकाच्या दुकानात मी कान झाकून उभी होते. अण्णा मात्र आत जाऊन दोन डंकांच्या मधोमध उभे राहिले. बराच वेळ. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाय, आत सगळं ऐकू येत होतं."

दुसरं काही लिहावंसं वाटत नाही.

सोमवार, 26 मे

आज मुंबईत मोसमी पाऊस आल्याचं जाहीर झालं. नेहमीची तारीख 11 जून. आठवडाभर आधीपासूनच सरी कोसळत होत्या. काल फेरी रद्द केली. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या किती घरांनी धावत आत घेतल्या असतील! भिजलेली मिरची पुन्हा वाळवली तरी बुरशीची भीती, आणि डंकावर ओलसर माल घेत नाहीत. ज्यांचा वर्षाचा धंदा या दोन-तीन महिन्यांवर उभा आहे, त्यांचे दहा-पंधरा दिवस गेले.

रविवार, 1 जून

मूर्तीच्या कारखान्यात. गणपती 27 ऑगस्टला, म्हणजे तीनही महिने उरलेले नाहीत. मूर्तिकारांनी रबरी साचा उलगडून दाखवला. आत प्लॅस्टरचा थर, त्यावर काथ्या, पुन्हा प्लॅस्टर. काथ्याने अंग धरून राहतं. "साचा" ऐकून अण्णांनी (आता ते प्रत्येक फेरीला येतात) मान वर केली. त्यांच्या साच्यातून कापड उतरायचं, इथे देव उतरतो, शब्द तोच. सांधे घासणं, रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा हात त्या दिवशी दुसऱ्या कामाला लावत नाहीत.

या वर्षी मात्र अर्धे सांगाडे रिकामे. प्लॅस्टरवरच्या बंदीचं प्रकरण न्यायालयात. माघी गणपतीत काही मोठ्या मूर्तींचं विसर्जन अडलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. फेरीतल्या एक बाई म्हणाल्या, शाडूच वापरा ना. मूर्तिकारांनी शाडूचा गोळा त्यांच्या हातात दिला. जड. प्लॅस्टर काही मिनिटांत धरतं. शाडू सावकाश सुकतो, पावसाळी हवेत आणखी सावकाश, आणि घाई केली की तडकतो. समुद्र जपायलाच हवा, त्याबद्दल मला शंका नाही. पण आयुष्यभराचा हात एका मोसमात बदल म्हणणं अन्याय आहे. गिरणीवाल्यांच्या वेळीही कुणी विचारलं नव्हतं की या हातांना आता दुसरं काय येतं.

सोमवार, 9 जून

उच्च न्यायालयाने प्लॅस्टरच्या मूर्ती घडवायला आणि विकायला परवानगी दिली. नैसर्गिक पाण्यात विसर्जन मात्र नाही. संध्याकाळी कारखान्यावरून गेले. रात्रपाळीसाठी दिवे लागले होते.

मंगळवार, 10 जून

आजच्या तारखेला, 1890 साली, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक; 1884 साली त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली आणि सुट्टीसाठी सहा वर्षं झगडले. माझ्या फेऱ्या रविवारी निघतात त्या या माणसामुळे, आणि मी आजवर त्यांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. आता सुरुवात त्यांच्यापासून. दावर दुसरे.

शनिवार, 14 जून

उद्या अकराजण येणार आहेत. सगळ्यांना निरोप पाठवला: साडेसात वाजता, भारतमाता. छत्री आणा. फोटो काढण्याआधी विचारा. आखणी चालू असेल तर दारातच थांबा. मसाला ताजा कुटलेला मिळतो. पाव किलो तरी घ्या, आणि त्यासाठी घरून रिकामा डबा आणा.