रविवारचें घड्याळ

गेल्या संमेलनाच्या दिवशीं रंगमंचाच्या मागें पडदा वर जाण्याची वाट पाहत आम्ही उभे होतों. सातवींतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, किती वाजले?" आम्ही मनगटाकडे पाहिलें तों घड्याळांत सवादहा, आणि बाहेर तर नुकतीच दिवेलागण झालेली. "सरांचें घड्याळ बिघडलें!" असें म्हणून तो पळाला, आणि पांच मिनिटांत ही वार्ता सर्व पात्रांत पसरली. घाईघाईनें कपाटांतून काढून तें तसेंच मनगटावर चढविलें, हा दोष आमचा. परंतु घड्याळ बिघडलेलें नव्हतें, हें त्या मुलास सांगावयाचें राहिलें, तें येथें सांगतों.

हें घड्याळ एच. एम. टी. चें, स्वयंचलित. आमच्या आईच्या वडिलांनीं तें आमच्या वडिलांस लग्नांत दिलें. बंगलोर येथें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं हा सरकारी कारखाना निघाला, आणि पुढें कित्येक वर्षें मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला किंवा लग्नास उभा राहिला कीं त्याच्या मनगटावर याच कारखान्याचें घड्याळ दिसे. २०१६ सालीं तो घड्याळांचा व्यवसाय बंद झाला. अशा स्वयंचलित घड्याळास बॅटरी नसते. पाठीच्या झाकणाखालीं अर्धचंद्राकृति वजनाचा एक तुकडा आंसावर मोकळा असतो. हात हलला कीं तो फिरतो, आणि त्याच्या फिरण्यानें बारीक चाकांच्या द्वारें आंतील कमान गुंडाळली जाते. कमान पूर्ण भरली म्हणजे तिचें टोंक डबीच्या भिंतीवरून घसरतें, म्हणून चावी अति बसून ती तुटण्याचें भय नाहीं. मनगटी घड्याळांतील या युक्तीबद्दल जॉन हारवुड नांवाच्या इंग्रज घड्याळजीस १९२४ सालीं स्वित्झर्लंडांत पेटंट मिळालें. भरलेली कमान साधारण चाळीस तास पुरते. रविवारीं चार तास घातलेलें घड्याळ मात्र तितकें भरत नाहीं, आणि त्यांतून उपदेश लांबला तर हात मांडीवरच असतो! आमचें घड्याळ सोमवारीं केव्हां तरी निजतें.

आमचे वडील दवाखान्यांत कंपाउंडर होते. तीस वर्षें हें घड्याळ त्यांच्या डाव्या मनगटावर होतें. औषधें ढवळतां, बाटल्या हलवितां त्यास चावी बसे. बंद पडण्याचा प्रसंगच नव्हता. सहा वर्षांपूर्वीं त्यांस अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. घरीं आल्यावर त्यांनीं प्रथम घड्याळ मागितलें. आम्ही तें नेहमींप्रमाणें डाव्या मनगटावर बांधिलें. तिसऱ्या दिवशीं तें बंद. हलवून पुन्हां बांधिलें, पुन्हां बंद. आम्ही तें घड्याळजीकडे नेलें. त्यांनीं उघडून, तपासून परत दिलें. आठवड्यानें पुन्हां गेलों, तेव्हां जरा तापटपणेंच बोललों. त्या वृद्ध गृहस्थांनीं डोळ्यावरचें भिंग काढून विचारलें, "मास्तर, हें घालतो कोण?" आम्ही सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "घड्याळांत कांहींच दोष नाहीं." आम्ही दुकानाबाहेर आलों, तेव्हां तें आमच्या मुठींत टिकटिक करीत होतें. वर्गांत विज्ञान शिकवितों आम्ही, आणि एवढी साधी गोष्ट कळण्यास दोन फेऱ्या लागल्या.

घरीं वडिलांस काय सांगावें हें सुचेना. "उजव्या हातावर बांधूं का, बाबा?" एवढेंच विचारलें. "त्या हातांत काठी असते," ते म्हणाले. "तूंच घाल. पण रोज नको, रविवारीं घाल. रोज घालून झिजवशील." त्यांस सारें आमच्या आधींच कळलें होतें, असें आतां वाटतें.

क्वचित् घातल्या जाणाऱ्या घड्याळाची निगा आम्ही त्या घड्याळजींकडूनच शिकलों. पूर्वीं घड्याळांत प्राणिज तेल घालीत. तें पडून राहिल्यानें चिकट होई, म्हणून घड्याळ सतत चालतें ठेवा असें जुने कारागीर सांगत. आजचीं कृत्रिम तेलें तशीं लवकर बिघडत नाहींत. घड्याळ खुशाल बंद राहूं द्यावें. महिन्यांतून एकदां एक दिवस चालवावें आणि पांच-सहा वर्षांनीं साफ करून तेल घालून घ्यावें, म्हणजे झालें. घड्याळ अहोरात्र फिरवीत ठेवणाऱ्या विजेच्या पेट्या बाजारांत मिळतात. त्यांचें नांव काढतांच ते हंसले. "चालेल तें झिजेल, मास्तर." पावसाळ्यांत कांचेखालीं वाफ दिसली तर घड्याळ उन्हांत किंवा चुलीजवळ ठेवूं नये, तडक दुकानीं न्यावें. मोबाइलच्या किंवा लोहचुंबकाचें बटण असलेल्या पर्सच्या शेजारीं तर मुळींच ठेवूं नये. आमच्या घरांतील एका पर्सच्या संगतीनें तें एकदां दिवसाकाठीं दहा मिनिटें पुढें धांवूं लागलें होतें. पर्स कोणाची हें सांगत नाहीं.

सर्वांत मोठी चूक मात्र आमच्याच हातून झाली. एका नाताळच्या आदल्या दिवशीं, भर दुपारीं, बंद घड्याळ काढून आम्ही आधीं तारीख पुढें ढकलली. आंत बारीकसा कट् आवाज झाला आणि तारीख अडकली. बाहेर दुपार असली तरी घड्याळांतले काटे रात्रीं अकरावर थांबले होते. साधारण रात्रीं नऊपासून पहाटे तीनपर्यंत तारखेचीं चाकें एकमेकांत गुंतलेलीं असतात. त्या वेळीं जबरदस्ती केली कीं दांता तुटतो. आधीं काटे साडेसहाच्या सुमारास आणावे, मग तारखेस हात लावावा. मोडलेलें चाक मिळविण्यास तीन महिने लागले. शेवटीं तें दुसऱ्या एका मृत घड्याळांतून निघालें. त्या तीन महिन्यांत वडिलांनीं घड्याळाची चौकशी केली नाहीं, आणि आम्हींही तो विषय काढला नाहीं.

आतां शनिवारीं संध्याकाळीं आम्ही त्यांच्या खुर्चीसमोर बसतों. घड्याळ सपाट धरून हळूहळू गोल फिरवितों. खुळखुळ्यासारखें हलविलेलें त्यांस खपत नाहीं. मग तारीख लावून, काटे पुढें आणून, बटण ओढलेलेंच ठेवून थांबतों. त्यांची नजर समोरच्या भिंतीवरील घड्याळावर असते. मिनिटाचा कांटा रेघेवर आला कीं ते काठी जमिनीवर आपटतात, आणि आम्ही बटण दाबतों.