घरबसल्या पृथ्वीप्रदक्षिणा

सेवानिवृत्त मास्तराला दोन व्याधि हटकून जडतात असें आमच्या घरीं म्हणतात. एक गुडघेदुखी व दुसरी कसला तरी नाद. गुडघ्यांविषयीं लिहून वाचकांचा वेळ घेण्याचें कारण नाहीं. नाद मात्र जरा चमत्कारिक आहे. मी जुने रंगीत प्रवासपट जमवितों. अमेरिकेंतील मेट्रो-गोल्डविन-मेयर ही कंपनी १९३० पासून वीसांहून अधिक वर्षें, चित्रगृहांत मुख्य बोलपटाच्या जोडीला दाखविण्यासाठीं, आठ-दहा मिनिटांचे हे लघुपट पुरवीत असे. 'ट्रॅव्हलटॉक्स' हें त्या मालेचें नांव. जेम्स ए. फिट्झपॅट्रिक हे गृहस्थ ते तयार करीत आणि त्यांतलें निवेदनही स्वतःच करीत. आज या पटांच्या तबकड्या माझ्या कपाटांत अमरकोशाच्या शेजारीं आहेत, आणि त्या शेजाराविषयीं घरांत मतभेद आहे.

मी स्वतः काशी आणि रामेश्वर यांपलीकडे गेलेलों नाहीं. मॅट्रिक होऊन अध्यापनाचें प्रमाणपत्र घेतलें. संस्कृत वडिलांपाशीं आणि पुढें एका शास्त्रीबुवांपाशीं झालें. रायगड जिल्ह्यांतल्या एका शाळेंत चौतीस वर्षें तें शिकविलें, आणि शिक्षक कमी म्हणून भूगोलही शिकविला. नकाशावर छडी ठेवून हॉलंडचे बांध आणि जपानचे ज्वालामुखी दाखविणाऱ्या माणसानें त्यांतलें कांहींच पाहिलेलें नव्हतें.

कांहीं वर्षांपूर्वीं अमेरिकेंतल्या पुतण्यानें एका जुन्या बोलपटाची डी. व्ही. डी. धाडली. ती आमच्या यंत्रावर लागेना. चौकशीअंतीं समजलें कीं या तबकड्यांसाठीं जगाचे सहा विभाग पाडलेले आहेत. अमेरिका पहिल्यांत, आपण पांचव्यांत. इंग्लंड आणि जपान एका विभागांत आणि आपण रशिया व आफ्रिकेच्या पंगतीला, असा हा भूगोल पाहून मास्तराला हसूं आलें. सर्व विभागांच्या तबकड्या चालणारें यंत्र आणविलें. बोलपट सुमार निघाला. परंतु त्याच्या शेपटाला जोडलेला एक प्रवासपट मीं त्या रात्रीं तीनदां पाहिला. पुढें कळलें कीं २०१६ पासून 'वॉर्नर आर्काइव्ह'नें या पटांचे तीन संच काढले आहेत. दोन आले, तिसऱ्याची किंमत ऐकून सौभाग्यवतीनें एवढेंच विचारलें, "एवढ्यांत आपण खरोखरची एखादी सहल केली असती कीं नाहीं?" प्रश्न रास्त होता. मीं गुडघ्यांकडे बोट दाखविलें.

नाद लागला तो रंगांमुळें. सुरुवातीचे पट काळेपांढरे आहेत. १९३४ मध्यें 'हॉलंड इन ट्यूलिप टाइम' निघाला आणि तेथून टेक्निकलरचें राज्य सुरू झालें. त्या पद्धतींत कॅमेऱ्याच्या आंत लोलक बसवून प्रकाश फोडीत, आणि लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाची नोंद तीन निरनिराळ्या काळ्यापांढऱ्या फितींवर घेत. मग त्यांवरून तयार केलेल्या ठशांनीं तीन रंग एकावर एक असे कोऱ्या फितीवर उमटवीत. रविवर्म्याच्या छापखान्यांत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा करून लक्ष्मी-सरस्वती छापीत, त्याचाच हा एक प्रकार म्हणाना. हे रंग टिकाऊ असत. पुढें १९५० नंतर एकाच फितीवर सर्व रंग घेण्याची स्वस्त सोय झाली आणि त्या काळच्या पुष्कळ प्रती आज विटून गुलाबी झालेल्या आहेत. आमच्या थोरल्या बहिणीच्या १९७५ च्या लग्नाचे फोटो असेच तांबूस पडले. तिच्या हिरव्या शालूची साक्ष आतां केवळ तोंडी उरली आहे. उलट त्याहून चाळीस वर्षांनीं जुना हॉलंडचा ट्यूलिप अजून ताजा दिसतो.

अर्थात् हे रंग सोळा आणे खरे आहेत असें नाहीं. ते सृष्टीहून थोडे अधिक भडक आहेत. शिवाय तो कॅमेरा अवजड, आणि ती फीत फार मंद. तिला लख्ख ऊन लागे. म्हणून फिट्झपॅट्रिकच्या पृथ्वीवर पाऊस क्वचितच पडतो. सर्वत्र फुलें, सण, ठेवणींतले पोशाख, आणि शेवटीं मावळत्या सूर्याबरोबर जड अंतःकरणानें घेतलेला निरोप. इंग्लंडांत या निरोपाची थट्टा इतकी रूढ झाली कीं पीटर सेलर्सनें १९५८ मध्यें लंडनच्या एका साध्या उपनगराच्या अशाच वर्णनाची ध्वनिमुद्रिका काढली. मला मात्र ही अतिशयोक्ति फारशी टोंचली नाहीं. मेघदूतांतल्या मेघालाही वाटेंत रोगराई भेटत नाहीं, आणि तरी तो काव्यग्रंथ मीं पोरांना भूगोलासकट शिकविला होता.

कांहीं पट पाहतांना मात्र जीव कासावीस होतो. 'चेकोस्लोव्हाकिया ऑन परेड' हा १९३८ चा. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत म्युनिकचा करार झाला आणि १९३९ च्या मार्चांत जर्मन सैन्य प्रागमध्यें शिरलें. 'पॅरिस ऑन परेड' त्याच वर्षाचा, १९३७ च्या प्रदर्शनावरचा. त्या प्रदर्शनांत जर्मनी आणि रशिया यांचे मंडप समोरासमोर उभे होते. निवेदक मोठ्या खुशींत बोलत असतो. पुढें काय होणार तें त्याला ठाऊक नाहीं, आपल्याला आहे. १९४६ च्या 'लुकिंग ॲट लंडन'मध्यें हाच आवाज बाँबनें पडलेल्या इमारतींपुढें उभा राहतो, आणि तेथें त्याला प्रथमच थोडें अडखळल्यासारखें होतें असें मला वाटतें. कदाचित् तो माझाच भास असेल.

दर रविवारीं सायंकाळीं आमच्याकडे दोन पट लागतात. लहानथोर सारे बसतात. एके दिवशीं एका उष्ण बेटावरचा पट चालूं होता. तेथील लोक कसे साधे, निष्काळजी आणि त्यामुळें सुखी आहेत, हें फिट्झपॅट्रिक समजावून सांगत होते. थोरल्या मुलाची मुलगी नववींत आहे. ती मध्येंच म्हणाली,

"आजोबा, या माणसाशिवाय तिथें कोणालाच बोलतां येत नाहीं का?"

मी सांगूं लागलों कीं बाळ, या पटांचें चित्रण मुकें असे, आवाज आणि वाद्यें मागाहून भरीत. तांत्रिक दृष्ट्या उत्तर बरोबर होतें. पण त्यानंतर कोणताही पट लावला कीं मला तेंच दिसूं लागलें. माणसें हंसतात, ओठ हलवितात, गातात, आणि त्यांच्याऐवजीं तो एकच आवाज बोलत राहतो. मग मीं एक युक्ति केली. आवाज बंद ठेवला आणि जोडीला अब्दुल करीमखांसाहेबांची ध्वनिमुद्रिका लावूं लागलों. महिनाभर मी या योजनेवर खूष होतों. रंग तेवढे घ्यावे आणि बडबड सोडावी. नीरक्षीरविवेक म्हणतात तो हाच, असें मीं घरांत बोलूनही दाखविलें.

नातीला तें पटेना. "आवाज बंद करून तुम्ही फक्त त्याला सोडवलंत. तीं माणसें थोडींच बोलूं लागलीं? आतां तर तो काय म्हणाला तेंही कळत नाहीं."

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. फिट्झपॅट्रिकचा तो आवाज पहिल्या दिवसापासून मला ओळखीचा वाटत आला होता. त्याचें कारण ध्यानांत आलें. १९९३ च्या सुमारास सहावीच्या वर्गांत मी वनवासी लोकांचा धडा शिकवीत होतों. पुस्तकांत दोन-चार ओळीच होत्या. बाकीचें मीं पदरचें घातलें. रानांतलीं माणसें भोळीं, आळशी, उद्यांची चिंता न करणारीं, आणि म्हणूनच सुखी, असें मी रंगून सांगितलें. शेवटच्या बाकावर कातकरवाडीवरचा एक मुलगा बसे. मीं विनोदानें विचारलें, "काय रे, खरें ना?" वर्ग हंसला. तो उभा राहिला, "होय गुरुजी" म्हणाला, आणि खाली बसला. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत आला नाहीं. वाडीवरचे लोक सुटीनंतर वीटभट्टीवर जातात, मुलेंही जातात. तेंच कारण असेल अशी मीं स्वतःची समजूत घातली. पण आदल्या वर्षीं आईबाप भट्टीवर गेले असतां तो आजीपाशीं मागें राहिला होता आणि रोज शाळेंत येत होता, हें मला ठाऊक होतें.

पुढल्या रविवारीं आवाज पुन्हां चालूं केला. पट संपल्यावर हकीकत सर्वांसमोर सांगितली. सौभाग्यवतीलाही ती नवीन होती. सूनबाईनें उठून दिवा लावला. नातीनें त्या मुलाचें नांव विचारलें. नांव सांगतां आलें. आडनांव कांहीं केल्या आठवेना. ज्याला अमरकोशाचीं तिन्ही कांडें मुखोद्गत आहेत, त्याला तें आठवेना.

"शाळेंत रजिस्टर असेल ना?" ती म्हणाली.

शाळेंतल्या एका जुन्या सहकाऱ्याला मीं फोन केला आहे. त्या वर्षांचीं रजिस्टरें माळ्यावर आहेत, पावसांत गळून कांहीं भिजलीं, पण उन्हें कडक झालीं कीं काढून पाहूं, असें तो म्हणाला.