पाळलेली धामण का चावली?

आमचं गाव बदनापूर तालुक्यात. घराच्या एका अंगाला मोसंबीची बाग आणि मागे कडब्याची गंजी. गंजीत उंदीर असतात, त्यामुळे साप निघणं आम्हाला नवीन नाही. गेल्या वर्षी मृगाच्या आधी गंजी हलवताना एक धामण निघाली. पुरुषभर लांबीची, पिवळसर तपकिरी. एरवी अशी धामण आपसूक बागेत निघून गेली असती, पण या वेळी पुतण्यानं ती पकडली.

पुतण्या बारावीला होता. मोबाईलवर साप पकडण्याचे व्हिडिओ बघून त्याला वेड लागलं होतं. त्यानं धामण प्लास्टिकच्या निळ्या ड्रममध्ये ठेवली आणि झाकणाला भोकं पाडली. "काका, बिनविषारी आहे, थोडे दिवस ठेवतो न् सोडून देतो," म्हणाला. थोड्या दिवसांचा महिना झाला.

सुरुवातीला ती फार चिडलेली असायची. झाकण उघडलं की मान फुगवायची आणि गुरगुरल्यासारखा आवाज काढायची. आईनं वाटीत दूध ठेवलं. धामणीनं त्याला तोंड लावलं नाही. सापाला दूध पचत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. गारुडी सापाला आधी तहानलेला ठेवतात, म्हणून तो समोर येईल ते पितो.

मग काही दिवसांनी ती शांत झाली. हात लावला तरी हलेना. गल्लीतली पोरं बघायला येऊ लागली. पुतण्या तिला गळ्यात घालून फोटो काढायचा. सगळे म्हणाले, धामण माणसाळली. मलाही तसंच वाटलं. तिचे डोळे दुधाळ निळसर दिसत होते, ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. पुढे तिनं कात टाकली आणि डोळे परत स्वच्छ झाले.

कात टाकल्यावर तिला भूक लागली असावी. पुतण्यानं धान्याच्या खोलीतल्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ड्रममध्ये सोडला. तो तिनं रात्रीतून खाल्ला. पोराचा उत्साह वाढला.

पुढच्या खेपेला संध्याकाळी त्यानं पिंजऱ्यातला मेलेला उंदीर हातानं काढून बाजूला ठेवला. ड्रममधलं पाण्याचं भांडं कलंडलं होतं, ते सरळ करायला त्याच हातानं आत गेला. धामणीनं अंगठ्याच्या बुडाशी धरलं, आणि धरूनच ठेवलं. पुतण्यानं ओरडून हात ओढला. तिथं चूक झाली. सापाचे दात बारीक आणि आतल्या बाजूला वळलेले असतात. हात ओढला की कातडी फाटते. नुसते ठिपके उमटायचे, तिथं लांब ओरखडे पडले आणि रक्त थांबेना.

आई रडायलाच लागली. धामणीनं डूख धरला, असं तिचं म्हणणं. शेजाऱ्यानं मनगटाला नायलॉनची दोरी आवळली. कोणी गावातल्या मांत्रिकाचं नाव घेतलं. धामण बिनविषारी हे आम्हाला माहीत होतं, पण रक्त बघून माझेही हात कापत होते. खात्री वाटेना. मोटारसायकलवर मध्ये बसवून त्याला थेट सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आधी साप कुठला ते विचारलं. मोबाईलमधले फोटो कामाला आले. दोरीमुळे बोटं काळीनिळी पडली होती. डॉक्टरांनी हात तपासून, जवळ थांबून दोरी सोडवली. जखम साबणपाण्यानं धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. सापाच्या विषावरची लस का देत नाही, म्हणून मी वाद घातला. त्यांनी समजावलं की ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. ती घोड्याच्या रक्तापासून बनते आणि तिची जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते. विषाची लक्षणं दिसल्याशिवाय ती उगाच देत नाहीत. पण दवाखान्यात यायचं मात्र चुकवायचं नाही, कारण साप ओळखण्यात माणूस चुकतो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे आमच्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. महाडला विंचूदंश आणि सर्पदंशावर त्यांनी हयातभर काम केलं, त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या जिल्ह्यातल्या माणसांनी तरी मांत्रिकाकडे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी वन विभागाला फोन केला. वनरक्षक आले, सोबत जालन्याचे एक सर्पमित्र होते. देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे वनरक्षकांनी स्पष्ट सांगितलं. पुतण्याला चांगलीच समज मिळाली. धामण त्यांनी गावाबाहेरच्या ओढ्याकाठी सोडली.

सर्पमित्र ओट्यावर बसले आणि पुतण्याला एकेक विचारू लागले. चावली तेव्हा वेळ कुठली? हातात आधी काय होतं? शांत झाली होती तेव्हा डोळे कसे होते? उत्तरं ऐकून त्यांनी सगळा उलगडा केला. साप चावतो तो भुकेनं किंवा भीतीनं. तो जीभ बाहेर काढून वास घेतो. हाताला उंदराचा वास होता, म्हणून तिच्या लेखी तो हात म्हणजे उंदीरच. भक्ष्य समजून धरलं, म्हणून सोडलं नाही. भीतीनं चावलेला साप बहुधा चावा घेऊन लगेच मागे सरतो. त्यात ड्रममध्ये वरून हात येतो. सापाला वरून येते ती घार, म्हणजे शत्रूच.

आणि ते माणसाळणं? कात टाकायच्या आधी डोळ्यांवरचा खवला दुधाळ होतो आणि सापाला नीट दिसत नाही. काही साप तेव्हा निपचित पडून राहतात, काही जास्त चिडतात. आमची निपचित पडली होती. नंतर ती हाताला सरावलीही असेल. पण माणसाचा लळा सापाला लागत नाही आणि डूखही तो धरत नाही. टोपलीतला नाग गरीब दिसतो, कारण गारुड्यानं त्याचे दात काढलेले असतात, कधी तोंडही शिवलेलं असतं.

पुतण्यानं विचारलं, "मग पुण्या-मुंबईत लोक पाळतात ते?" ते बॉल पायथन, मूळ आफ्रिकेतले. सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंद करावी लागते. तेही मालकाला चावतात. त्यांच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे खाण्याच्या वेळी हाताची ऊबही त्यांना भक्ष्यासारखी वाटते. जाणकार लोक खाणं लांब चिमट्यानं देतात आणि हात धुतल्याशिवाय पेटी उघडत नाहीत. उचलायच्या आधी आकड्यानं हलकेच स्पर्श करतात, म्हणजे आता खाणं नाही हे सापाला कळतं. खाल्ल्यावर दोनेक दिवस आणि कात टाकताना त्याला हात लावत नाहीत.

जाताना सर्पमित्रांनी पुतण्याच्या फोनमधला एक जुना व्हिडिओ बघितला. त्यात पोरानं बारीक, पट्ट्यांचा साप हातावर घेतला होता. "हा कवड्या कशावरून?" त्यांनी विचारलं. "पट्ट्यांवरून," पोरगा म्हणाला. पट्टे मण्यारलाही असतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचे मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बहुतेक जोडीजोडीनं, आणि शेपटीकडे ठळक होतात. व्हिडिओतला बिनविषारी कवड्याच निघाला. पण मण्यार असता तर? रात्री तो चावलेला अनेकदा कळतही नाही. पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो. पुतण्यानं तो व्हिडिओ माझ्यासमोर पुसून टाकला.

अंगठ्यावर व्रण राहिला आहे, बाकी काही त्रास नाही. ड्रम आता पाण्याला वापरतो. घरात साप निघाला तर पकडू नका, लांबून लक्ष ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. चावलाच, तर दोरी बांधू नका, चिरू नका, हात-पाय हलवू न देता १०८ ची गाडी बोलवा.